भिंत सर्वांची, चित्र कोणाचे?
सोलापूरचा युवावर्ग आणि सामुदायिक भित्तिचित्र

शहरातील एखाद्या सार्वजनिक भिंतीवर त्या परिसरातील लोकांनी एकत्र बसून ठरविलेले आणि शक्यतो स्वतःच्याच हातांनी रंगविलेले चित्र म्हणजे सामुदायिक भित्तिचित्र. व्याख्या सोपी असली तरी तिच्यातील ‘ठरविलेले’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातील बहुतेक शहरांच्या भिंती रंगल्या. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजनेतील पहिली वीस शहरे जाहीर केली. त्यांत सोलापूर होते. स्वच्छता अभियान आले, घोषवाक्ये आली, झाडे-पाखरे आली. पण अशा बहुतेक ठिकाणी चित्र आधीच ठरलेले असते, कंत्राटही दिलेले असते आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींना बोलावले जाते ते आखून दिलेल्या जागी रंग भरण्यासाठी. अशा कामातून भिंत स्वच्छ होते हे खरे आहे. परंतु ज्या तरुणाने केवळ रंग भरला, त्याला त्या भिंतीविषयी काही बोलायचे होते काय, हे विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

वाचकहो, हा विषय धर्मप्रांताच्या बातमीपत्रात का, असे कोणी विचारील. ख्रिस्तसभेचा भिंतींशी फार जुना संबंध आहे. रोममधील भूमिगत दफनस्थळांच्या भिंतींवर आरंभीच्या ख्रिस्ती श्रद्धावंतांनी मेंढपाळाची व माशाची चित्रे काढली. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी आपल्या चर्चमधील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप थोर ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून कानउघाडणी केली. चित्रांची पूजा होऊ नये हा तुमचा आग्रह योग्य आहे, परंतु ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र हेच वाचन आहे, असा त्या पत्राचा आशय होता. चित्र म्हणजे निरक्षरांचा ग्रंथ हा विचार पुढे शतकानुशतके ख्रिस्तसभेने जपला. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगातील कलावंतांना उद्देशून एक स्वतंत्र पत्रच लिहिले.

भिंत एकत्र येऊन कशी उभारावी, याचा एक उत्तम नमुना जुन्या करारात नहेम्याच्या ग्रंथात आढळतो. यरुशलेमचा पडलेला तट पुन्हा बांधताना कोणी कोणता भाग बांधला, याची जणू हजेरीपत्रिकाच तिसऱ्या अध्यायात दिलेली आहे. अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. त्यांत सोनार होते, सुगंधी द्रव्ये बनविणारे होते, आणि शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही होत्या. हा अध्याय नावांनी भरलेला असल्यामुळे तो सहसा वाचला जात नाही. आमच्या मते भित्तिचित्राच्या पहिल्या बैठकीत तो अवश्य वाचावा.

तरुणांनी आखलेल्या भित्तिचित्राचे आजवरचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात आहे. तेथे पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या एका कालव्याच्या भिंतीवर ज्युडिथ बाका या चित्रकर्तीने १९७६ च्या उन्हाळ्यात काम सुरू केले. तिच्या हाताखाली सुमारे ऐंशी मुले होती आणि त्यांपैकी अनेक जण पोलीस व बालन्यायालयाच्या वाटेने आलेले होते. एकमेकांच्या टोळ्यांशी वैर असलेली ही मुले एकाच भिंतीपुढे उभी राहिली. चित्राचा विषय होता कॅलिफोर्नियाचा इतिहास, पण तो मूळ रहिवासी, मेक्सिकन, चिनी, जपानी, कृष्णवर्णीय अशा पाठ्यपुस्तकात फारसे स्थान न मिळालेल्या माणसांच्या बाजूने सांगितलेला. बाका यांनी इतिहासकारांना बोलावले, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ऐकविल्या, आणि मगच कागदावर रेघा उमटू दिल्या. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे हजार फूट लांबीचे चित्र झाले. पुढील काही उन्हाळ्यांत ते वाढत वाढत अर्ध्या मैलापर्यंत पोहोचले व चारशेहून अधिक तरुणांचे हात त्याला लागले. २०१७ मध्ये त्या देशाने राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याची नोंद केली.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. ऐकणे हा भित्तिचित्राचा पहिला टप्पा आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळ घेतो. उतावळेपणाने ब्रश हाती घेतला की पर्वत, सूर्य, कबुतर व हातात हात घातलेली चार मुले यांपलीकडे चित्र जात नाही. अशी चित्रे वाईट नसतात. पण ती कोणत्याही गावाच्या भिंतीवर चालतील, आणि म्हणूनच कोणत्याच गावाची नसतात.

आपल्या देशातही यासाठी आदर्श आहेत. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात बिनोद बिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांच्या जीवनावर भव्य भित्तिचित्र काढले. त्यात त्यांना विद्यार्थ्यांचे साहाय्य होते आणि के. जी. सुब्रमण्यन हे पुढे नामांकित झालेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. मुंबईत २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सेनापती बापट मार्गावरील रेल्वेलगतची लांबच लांब भिंत महापालिकेच्या संमतीने नागरिकांना रंगविण्यासाठी खुली करण्यात आली आणि शेकडो लोक रंग घेऊन तेथे उतरले. विदर्भात बल्लारशाह व चंद्रपूर या रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर ताडोब्याचे वाघ व जंगल अवतरले आणि २०१८ मध्ये स्थानक सुशोभनाचा देशातील पहिला पुरस्कार या दोन स्थानकांना मिळाला. या दोन उदाहरणांतील फरकही पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या भिंतीवर प्रत्येकाने आपल्या तुकड्यात आपले चित्र काढले. त्यात उत्साह होता, पण सगळी भिंत मिळून एक गोष्ट सांगत नव्हती. चंद्रपुरात गोष्ट एक होती आणि ती प्रवाशाला फलाटावर उतरताच कळत होती.

पोप फ्रान्सिस यांना हा विषय जवळचा होता. २०१९ मध्ये युवकांना उद्देशून लिहिलेल्या ‘ख्रिस्त जिवंत आहे’ या प्रबोधनपत्रात त्यांनी युवाकार्याचे खरे कर्ते युवकच असतात, असे आवर्जून मांडले. बुएनोस आयरेसचे आर्चबिशप असताना त्यांनी शाळांतील मुलांसाठी जो उपक्रम सुरू केला होता, त्यातून पुढे ‘स्कोलास’ ही जागतिक चळवळ उभी राहिली. जागतिक युवा दिनासाठी ते पोर्तुगालला गेले असता ३ ऑगस्ट २०२३ रोजी काश्काइश या गावी त्यांनी या चळवळीतील युवकांची भेट घेतली. तेथे युवकांनी व गावकऱ्यांनी मिळून तीन किलोमीटरहून अधिक लांबीचे भित्तिचित्र रंगविले होते. पोप महोदयांनी स्वतः ब्रश हाती घेऊन त्यावर अखेरचा फटकारा मारला. म्हणजे काम आधी तरुणांनी केले आणि वडीलधारे शेवटी आले. आपल्याकडे बहुधा याच्या नेमके उलट घडते. उद्घाटनाला पाहुणे आधी येतात आणि छायाचित्र निघाल्यावर मुले कामाला लागतात.

सोलापूरची भिंत काय सांगेल?

आता आपल्या सोलापूरकडे वळू. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. त्यामुळे येथील भित्तिचित्रात शब्द जितके कमी तितके बरे. चित्राला भाषांतर लागत नाही, हा त्याचा येथे सर्वांत मोठा लाभ आहे.

विषयांची वाण मुळीच नाही. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून येथे तळे उभे केले, आणि दुष्काळाची टांगती तलवार असलेल्या या जिल्ह्यात पाण्याची ती गोष्ट आजही शिळी झालेली नाही. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही गिरण्यांची नावे आणि त्यांच्या भोंग्यावर चालणारे शहराचे घड्याळ आजच्या तरुणाने पाहिलेले नाही, पण त्याच्या आजोबांना ते पाठ आहे. १९३० च्या मे महिन्यात इंग्रज सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. ही चार नावे नुसती एकापुढे एक वाचली तरी सोलापूर म्हणजे काय, ते कळते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच शहरात जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले आणि जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. परक्या देशातील जखमी माणसाच्या उशाशी बसलेला हा डॉक्टर पाहिला की दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला कोणाला आठवणार नाही?

पण थोर पुरुषांचे चेहरे ओळीने रंगविणे हाच भित्तिचित्राचा एकमेव मार्ग नव्हे. चौकाचौकांत पुतळे आहेतच. सोलापूरच्या हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्यांच्या मांडीवरचे सूप, तेंदूची पाने, कात्री आणि दोरा यांचे चित्र आपण किती भिंतींवर पाहिले आहे? या कामगार स्त्रियांनी दीर्घ लढा देऊन शहरालगत कुंभारी येथे स्वतःची घरे मिळविली. गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरे २००६ मध्ये, तर रे नगरमधील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्या हाती आली. एवढ्या नव्या वस्तीत कोऱ्या भिंती किती असतील याची कल्पनाच करावी. तेथील मुलींनी आपल्या आईच्या हातांचे चित्र काढले, तर ते काम कोणत्याही बाहेरच्या चित्रकाराला जमणार नाही इतके खरे उतरेल. मुलींचा विषय निघालाच आहे तर एक व्यावहारिक सूचना करतो. बैठका संध्याकाळी उशिरा ठेवल्या की मुली गळतात आणि मग चित्रातही फक्त मुलांचेच मन उतरते. शल्लूमच्या मुलींची आठवण येथे ठेवावी.

माळढोक पक्ष्यालाही आम्ही एक कोपरा देऊ. त्याच्यासाठी नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. आज तो तेथे क्वचितच दृष्टीस पडतो.

आराखडा करण्याच्या तंत्राबाबत तर सोलापूरच्या तरुणाला बाहेरून फारसे शिकावे लागणार नाही. सोलापुरी चादरीवरील मोर किंवा फूल कसे येते, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला भित्तिचित्राचे अर्धे शास्त्र ठाऊक असते. चादरीचे चित्र आधी चौकोनांच्या आलेख कागदावर उतरते. कोणता धागा वर आणि कोणता खाली हे चौकोन मोजून ठरते, त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात, त्या पट्ट्या मागावरच्या जकार्डला चढवतात, आणि मग विणले जाते. भित्तिचित्रही असेच चौकोनांतून मोठे होते. समजा भिंत चाळीस फूट लांब व आठ फूट उंच आहे. एक फुटाला एक इंच असे प्रमाण धरून चाळीस इंच बाय आठ इंचाच्या कागदावर चित्र पूर्ण करावे आणि त्यावर एकेक इंचाचे चौकोन आखावेत. गवंडी वापरतात तशी रंगाची भुकटी लावलेली दोरी भिंतीवर ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. अशा रेघांनी भिंतीवर एकेक फुटाचे तीनशे वीस चौकोन तयार होतात. कागदावरच्या चौकोनात जेवढे आहे तेवढेच भिंतीवरच्या चौकोनात काढायचे. चाळीस तरुण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ चौकोन येतात. ज्याला चित्रकला मुळीच येत नाही तोही एक चौकोन नीट उतरवू शकतो. मागावर कामाला जाणारे वडील या टप्प्यावर मुलांपेक्षा जास्त उपयोगी पडतील, असे आम्हांस वाटते.

आणखी एका माणसाला बोलवावे. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची जाहिरात, बैलगाडीवरचे नाव हाताने रंगविणारे पेंटर प्रत्येक पेठेत होते. छापील फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. आता पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला चौकात चेहऱ्यांची गर्दी होते, पण त्यात ब्रशाचा एकही फटका नसतो. असा एखादा जुना पेंटर उन्हात टिकणारा रंग, अक्षराची जाडी आणि शिडीवरचा तोल या गोष्टी तासाभरात शिकवील. याच जिल्ह्यातील पंढरपूर येथे जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच आपली कारकीर्द सुरू केली होती. पुढे याच चित्रकाराने मदर तेरेसा यांच्यावर चित्रमालिका केली, हे आपल्या वाचकांना विशेष सांगावेसे वाटते.

क्रूस काढावा की नाही?

कॅथोलिक युवकांच्या बैठकीत हा प्रश्न निघतोच, आणि तो टाळू नये. चर्चच्या किंवा आपल्या शाळेच्या आवारातील भिंत असेल तर तेथे प्रभू येशूचे जीवन, पवित्र मरिया, संत यांची चित्रे काढण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. सार्वजनिक भिंतीची गोष्ट वेगळी आहे. ती ज्यांच्या डोळ्यांसमोर रोज राहणार, त्या सर्वांची तिच्यावर मालकी आहे. तेथे आपले चिन्ह लावले की उद्या शेजारच्या भिंतीवर दुसऱ्याचे चिन्ह येते, परवा त्यावरून कुरबूर होते आणि चित्राचे निमित्त होऊन बसते. सोलापूरसारख्या शहरात हे जोखमीचे आहे. संख्येने अल्प असलेल्या आपल्या समाजाने आपली ओळख लपवावी असे आम्ही म्हणत नाही. तहानलेल्याला पाणी देणारा हात, आजाऱ्याची शुश्रूषा, एकत्र भाकरी मोडणारी माणसे ही चित्रे शुभवर्तमानातून आलेली आहेत आणि ती काढायला क्रूसाची परवानगी लागत नाही. त्या हातावर कोणाचे नाव नसले तरी चालते.

याच संदर्भात एका घातक प्रथेविषयी लिहिणे आवश्यक वाटते. भिंतीवर कोणी थुंकू नये, लघवी करू नये म्हणून देवदेवतांच्या, मशिदीच्या व क्रूसाच्या फरश्या ओळीने बसविल्या जातात. इमारतींच्या जिन्यांतही त्या दिसतात. हेतू कितीही स्वच्छतेचा असो, यात सर्वांच्याच श्रद्धास्थानांना पहारेकरी करून घाणीपुढे उभे केले जाते. आमच्या युवकांनी असा प्रस्ताव आला तर नम्रपणे पण स्पष्टपणे नकार द्यावा. ज्या भिंतीपाशी लोक घाण करतात तेथे आधी मुतारी व कचराकुंडीची मागणी करणे हेच योग्य होय.

पवित्र विषय आपल्या मातीच्या रूपात कसे रंगवावेत याचा वस्तुपाठ मात्र आपल्याच धर्मप्रांताच्या मुख्य शहरात घडून गेला आहे. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनच्या परंपरेतील अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले आणि पवित्र मरियेला साडी नेसविली. गोव्यात त्यांच्यावर कडाडून टीका झाली. त्यांना आसरा मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. तेथे राहून त्यांनी शेकडो चित्रे काढली आणि १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. ज्या चित्रांनी तेव्हा वाद उठला, तीच आज जपून ठेवली जातात. चर्चच्या भिंतीसाठी आराखडा करणाऱ्या युवकांनी पाश्चात्त्य कॅलेंडरवरील चित्राची नक्कल करण्यापूर्वी फोन्सेका यांची चित्रे पाहावीत.

परवानगी, भिंत आणि ऋतू

सार्वजनिक मालमत्तेवर लेखी परवानगीवाचून काहीही लिहिणे वा रंगविणे हा महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हा आहे. हेतू चांगला होता हा बचाव तेथे चालत नाही. तेव्हा भिंत महापालिकेची, रेल्वेची, शाळेची की खाजगी, हे आधी शोधावे आणि अर्जासोबत चित्राचा रंगीत आराखडा जोडावा. मंजूर झालेला आराखडा नंतर बदलू नये. परवानगीच्या कागदापेक्षाही अवघड असते ती शेजाऱ्यांची संमती. समोरच्या चहावाल्याने, रिक्षाथांब्यावरील चालकांनी व त्या गल्लीतील आजीबाईंनी आराखडा पाहिलेला असावा, त्यांनी सुचविलेली निदान एक गोष्ट त्यात आलेली असावी. ही माणसेच पुढे त्या भिंतीची राखण करतात. हयात पुढाऱ्याचा चेहरा, पक्षाचे चिन्ह आणि देणगीदाराची जाहिरात या तिन्ही गोष्टींना पहिल्याच बैठकीत नकार द्यावा, कारण नंतर तो देता येत नाही.

भिंत निवडताना ओल पाहावी. लोणा लागलेल्या भिंतीवरचा रंग पहिल्याच पावसाळ्यानंतर पापुद्र्यांनी सुटतो. अशी भिंत खरवडून, वाळवून, प्रायमर लावूनच घ्यावी, अन्यथा दुसरी शोधावी. सोलापूरचे ऊन सर्वांना परिचित आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दुपारचे सगळे ऊन पडते आणि तांबडा व गुलाबी रंग आधी उडतो, म्हणून तेथे गेरू, पिवळी माती, काळा, निळा यांवर भर द्यावा. बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारा अॅक्रिलिक रंगच वापरावा. दोन हातांसाठी लिटरला साधारण पन्नास चौरस फूट धरले, तर वर सांगितलेल्या तीनशे वीस चौरस फुटांच्या पार्श्वभूमीला सहा-सात लिटर रंग पुरतो. खर्चाचा मोठा भाग रंगावर होत नाही, तो शिडी, परात, ब्रश, चहा आणि भिंतीच्या डागडुजीवर होतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मुले मोकळी असतात, पण त्या उन्हात भिंतीला हात लावणेही शक्य नसते आणि रंग ब्रशावरच वाळतो. म्हणून सुट्टीचे दिवस ऐकण्यासाठी ठेवावेत. म्हाताऱ्या गिरणी कामगारांच्या, विडी वळणाऱ्या बायकांच्या, विणकरांच्या आठवणी याच काळात वहीत उतरवाव्यात. जून ते सप्टेंबर हे चार महिने आराखडा व परवानगी यांत जातात. पाऊस ओसरून भिंत वाळली की नोव्हेंबरात चौकोन आखावेत आणि नाताळच्या तयारीला सुरुवात होण्यापूर्वी रंगकाम आटोपावे. मकर संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेला आसपासच्या खेड्यांतून आणि कर्नाटकातून माणसे लोटतात. त्यांच्यापैकी कोणी भिंतीपुढे थांबून कोणते चित्र कशाचे असे विचारलेच, तर सांगायला त्या चाळिसांपैकी दोघे-तिघे तेथे हजर असावेत.